मोगरीचे ढेकर

ता. एरंडोल, जि. जळगाव
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. तोताराम नाना यांस,

भाईदासचा सविनय जय भीम. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, तुम्हीही देवपुरात ठीक असाल असं धरून पुढे लिहितो. गुडघा काय म्हणतो? अक्कांनी दिलेला लेप लावता, की लावल्याचं नुसतं सांगता? (भुसावळला रेल्वेत असताना पाठीच्या पट्ट्याचं मीही तुमच्या बहिणीला असंच सांगायचो, म्हणून विचारलं.) ही बातमी फोनवर सांगण्याजोगी नाही. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरून सगळ्या देवपुराला सांगता. म्हणून लेखी कळवतो, की आपली मोगरी म्हैस विज्ञानाच्या कामी आली. (कामी आली म्हणजे तसं नव्हे. ती आत्ता माझ्यासमोर वैरण खात उभी आहे.)

आमच्या प्रज्ञाचं तुम्हाला ठाऊक आहेच. गुरांची डॉक्टर झाली तरी पोरगी थांबली नाही, आता गुरांच्या ढेकरांवर प्रबंध लिहितेय. हसू नका, मी हसून घेतलं आहे आणि त्याची बोलणीही खाल्ली आहेत. तिचं म्हणणं असं, की म्हैस रवंथ करते तेव्हा तिच्या ढेकरातून जो वायू निघतो त्याने आभाळ तापतं, आणि दूधधंदा टिकवायचा तर तो वायू कमी करायला हवा. मला आजवर वाटायचं, आभाळ तापवायला एकटं भुसावळ पुरेसं आहे. शेणाचं तर आपण गोबरगॅस बांधून केव्हाच मिटवलं होतं. पण म्हशीच्या पुढच्या बाजूला झाकण कुठून लावणार? तर त्याला उपाय चाऱ्याचा. नुसता कडबा आणि मनाला येईल तेवढी सरकी बंद करायची. मक्याचा मुरघास (म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), मोजून पेंड आणि वर थोडं जवसाचं तेल द्यायचं. माझ्या खिचडीवर तेल घालताना जिचा हात आखडतो ती तुमची बहीण म्हशीच्या घमेल्यात तेल ओतते, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो.

अडचण चाऱ्याची नव्हती, डब्याची होती. वायू मोजायचा तर म्हशीच्या मोरकीला, म्हणजे तोंडाभोवतीच्या दोरीला, एक बारीक नळी लावायची, तिचं तोंड नाकपुडीजवळ, आणि दुसरं टोक मानेवर बांधलेल्या डब्यात. डब्यातली हवा आधीच काढून घेतलेली असते, म्हणून तो दिवसरात्र हळूहळू म्हशीचा श्वास ओढत राहतो. हे ऐकून गावोगावच्या लोकांनी प्रज्ञाला चहा पाजला आणि म्हैस काही दिली नाही. एका संध्याकाळी पोरगी घरी आली, अर्धी भाकर खाऊन उठली आणि विषय बदलून घेते म्हणाली. मी म्हटलं, आपली मोगरी आहे की. त्यावर तुमच्या बहिणीने मला आठवण करून दिली, की मोगरी तिची आहे, मी फक्त पाणी दाखवतो. मग तिनेच परवानगी दिली. अट एकच, मोगरीने पान्हा चोरला की डबा खाली.

मोगरीने पान्हा चोरला नाही. गावाने मात्र तोंड सोडलं. “भाईदासनी म्हैस ऑक्सिजनवर शे,” हे वाक्य आमच्या गल्लीतून निघालं आणि माझ्या आधी एरंडोलला पोहोचलं. दुधाचे रतीब एकेक करून बंद. शेवटी एरंडोलच्या सुगनबाईंच्या घरचाही बंद झाला, तेव्हा तुमच्या बहिणीचा, रुक्माबाईचा, चेहरा पाहवेना. त्यांच्या मुलाच्या, पुखराज शेठच्या, लग्नापासून त्या घरात आपलं दूध जातं. ती तडक सुगनबाईंकडे गेली. तिथे कळलं, की त्यांना रोगाची भीती नव्हतीच. मुक्या जिवाचं तोंड बांधलंय असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि असं दूध त्यांच्या घरात कुणी तोंडाला लावणार नव्हतं. रुक्माबाई म्हणाली, या आणि बघा. सुगनबाई रिक्षा करून आल्या, गोठ्यात स्टूल टाकून बसल्या आणि मोगरी खाते, पिते, डोळे मिटून रवंथ करते, हे सगळं निवांत पाहिलं. मग उठून एवढंच म्हणाल्या, “हिला हा डबा टोचतो त्याहून माझा चष्मा मला जास्त टोचतो.” दुसऱ्या दिवसापासून रतीब सुरू, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या गल्लीचेही.

आता मुख्य गोष्ट. मोजणीचा शेवटचा दिवस. प्रज्ञा जळगावला गेलेली, रुक्माबाई दूध घालायला एरंडोलला, घरी मी आणि ऊन. मोगरीने दावं तोडलं आणि डब्यासकट अंजनी नदीच्या डोहाची वाट धरली. (म्हशीला कुणी मागून हाका मारू नयेत. तिला वाटतं, आपल्याला प्रोत्साहन देतायत.) मी पोहोचलो तोवर ती पाण्यात उतरली होती आणि मान खाली घालायच्या बेतात होती. नळीत पाणी शिरलं की सगळी मोजणी वाया, आणि प्रज्ञाचा प्रबंध पुन्हा वर्षभर मागे. मी चपला काढल्या आणि उतरलो. छातीभर पाण्यात तिची हनुवटी खांद्यावर घेतली, मानेला मिठी मारली आणि उभा राहिलो. नाना, एकेक ढेकर माझ्या कानाशी आला. वासाचं लिहीत नाही, पत्र अक्काही वाचतील. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी फोन केले असावेत, कारण जळगावहून परत निघालेली प्रज्ञा थोड्या वेळाने गाडी तशीच आडवी टाकून धावत आली. काठावरून ओरडली, “बाबा, तिला सोडू नका.” मी काय सोडतोय! हिरव्या मक्याची पेंढी दाखवून तिने मोगरीला बाहेर काढलं, आणि मागोमाग मलाही. डब्यात पाण्याचा थेंब नव्हता.

परवा निकाल आला. मोगरीचा वायू जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरला आणि दूध उलट थोडं वाढलं. प्रज्ञाने फोनवर सांगितलं तेव्हा मी मोगरीला गूळ दिला आणि उरलेला स्वतः खाल्ला. म्हैस द्यायला नकार देणारेच लोक कालपासून जवसाच्या तेलाची चौकशी करत दारात येतायत. अक्कांना जय भीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भाईदास

ता. क. : एक बारीकसं काम होतं. प्रबंधाला मोगरीची सख्खी बहीणही लागते, जुन्याच पद्धतीने खाणारी, म्हणजे फरक दाखवता येईल. तुमच्या घरामागची शेवंती आहेच. तुम्ही प्रज्ञाचा एकही सल्ला आजवर मानलेला नाही, त्यामुळे इतकं न सुधारलेलं जनावर तुमच्या-आमच्या दोन्ही जिल्ह्यांत मिळायचं नाही. तुम्ही काहीच बदलायचं नाही, फक्त डबा बांधू द्यायचा.

ता. क. २ : तुमचा होकार मी कळवून टाकला आहे. प्रज्ञा बुधवारी डबा घेऊन पोहोचेल.

नाना, ह्यांनी पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण पाणी छातीभर नव्हतं. ह्यांना पोहता येत नाही. पाय टेकत नव्हते, मोगरीने ह्यांना धरून ठेवलं होतं. काठावरच्या बायकांनीच मला सांगितलं. तू शेवंतीला नाही म्हणू नको. — रुक्मा