हवालदार आणि त्याच्या पांढऱ्या पेशी

तीर्थस्वरूप आत्यास,

धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, लेक आणि जावयांचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. आमच्याकडे एकच वस्तू जागची हलली, तेवढीच सांगायला बसलोय. तुझा हवालदार जिवंत आहे, खातो, भुंकतो. (हे आधी लिहिलं, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.)

झालं असं, की तू लेकीकडे राहायला गेल्यापासून हे लांबुडकं, बुटकं कुत्रं मला खिजगणतीतच धरत नाही. गेल्या आठवड्यात सोफ्यावरून उतर म्हटलं, तर तो टेबलावर चढला. खाली ये म्हटलं, तेव्हा मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं आणि उडी मारली. मणक्यांमधली चकती सरकली, मागचे दोन्ही पाय लुळे पडले. त्याला इस्त्रीच्या फळीवर निजवून मी दवाखान्यात पळालो. (फळीचे पाय मिटायचे राहिले, त्यामुळे जिन्यात शेजारचे काका अडकले. ते आता बरे आहेत, बोलत नाहीत एवढंच.)

ऑपरेशन झालं. मग डॉक्टरीणबाईंनी अभ्यासासाठी त्याचं थोडं रक्त मागितलं. दुखणं पाठीत आणि तपासणी रक्ताची, हे कुठलं शास्त्र, असं मी विचारलं. (तुझाच भाचा.) त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. जांभळ्या रंगवलेल्या पेशी दिसल्या. इजा पाठीत एवढीशी, पण खबर सगळ्या अंगाला लागते म्हणे. पांढऱ्या पेशींतल्या काही जाती रक्तातून कमी होतात, काही वाढतात. काही पडझड आवरतात आणि काही उत्साहाच्या भरात धडधाकट भागालाही हात घालतात. घरात कुणी आजारी पडलं की नातेवाईक जमतात, निम्मे राबतात, निम्मे पसारा वाढवतात, तसंच. त्यांतलं नेमकं कोण केव्हा काय करतं, हेच बाई शोधताहेत. आत्या, मी थक्क झालो. जो प्राणी आंघोळीला दहा हाका मारूनही येत नाही, त्याच्या अंगात हाकेला ओ देणारी एवढी मंडळी नांदताहेत! मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो, शेवटी बाईंनी मला उठवलं.

तो चालेल का, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. म्हणाल्या, "शेपटीवर लक्ष ठेवा. आपल्या मनानं हलवली, तर मेंदूचा निरोप मणक्यापलीकडे पोचतोय." तेव्हापासून मी बिस्किटं दाखवली, गाणी म्हटली, नाचलोसुद्धा. शेपूट ढिम्म. मला फार भीती वाटते गं.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
बाळ्या

ता. क. त्याची जुनी चादर तू नेली आहेस, ती पाठव.

ता. क. दुसरा. चादर राहू दे. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात तुझा फोन आला. मी हवालदाराला पोट दाबून लघवी करवत होतो, हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तुझा चष्मा मी धड न गुंडाळता पाठवला म्हणून तू मला गाढवापासून जी सुरुवात केलीस, ती सात पिढ्यांपर्यंत गेलीस. मला तोंड उघडायला फटच मिळाली नाही. आणि आत्या, तुझा आवाज चढला तशी त्याची शेपूट हलली. तू फोन ठेवलास तेव्हा थांबली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी तुला ताबडतोब बोलवायला सांगितलं. मिळेल त्या गाडीनं ये आणि त्याच्यासमोर मला घसा फोडून झाप. कारणांची काळजी करू नकोस, ती मी पुरवतो.