सरदारबाबाचे कोंबडे

बान नोंगफाय
४ मार्च १९८७

चि. सम्लीस बुनरुआंगताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

घरी पोचले. तुझ्या हुआहिनने माझ्या कमरेचं भुस्कट केलं. समुद्र पाहिला, माकडांची टेकडी पाहिली, रात्रीचा बाजार पाहिला. वाळूत मला घोड्यावर चढवायला निघाली होतीस, ते विसरले नाही. माकडाने पळवलेली चप्पल मिळाली तर ठेव.

आता कामाचं. आमचा वुत पुढच्या महिन्यात सैन्यभरतीची चिठ्ठी उचलणार. काळी आली तर नातू घरी, लाल आली तर दोन वर्षं सैन्यात. शेजारच्या खामचा मुलगा सीमेवरून एका पायाने परत आलाय. म्हणून टेकडीखाली तू सुक्या माकूळ मासळीसाठी घासाघीस करत होतीस, तेवढ्यात मी शेजारच्या देवळीत नवस बोलले. काळी चिठ्ठी दे, टोपलीभर उकडलेली अंडी वाहीन. तिथे नुसते प्लास्टरचे कोंबडे मांडलेले. म्हटलं, झुंजी लावणारा कुणी रिकामटेकडा देव असेल, पोराला रिकामं ठेवणं त्याला काय जड?

लोभ ठेव, चप्पल शोध.
बुनरुआंग

हुआहिन
११ मार्च

ती. ताईस सम्लीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातला झारा कढईत पडला. ताई, तो सरदारबाबा. लढाईत त्याची माणसं त्याला टाकून पळाली, तो एकटा मेला. इथे शेंबडी पोरंही जाणतात की त्याच्यापाशी काहीही मागावं, फक्त सैन्यातून सुटका मागू नये. मागितली की तो लालच देतो. आमच्या गल्लीतल्या दोघींनी मागितली, दोघींचेही मुलगे गेले. कोंबडे लढवय्याला आवडतात म्हणून वाहतात गं. पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय. मला विचारायचं तरी.

देवळीतल्या म्हाताऱ्याला नवस मागे कसा घ्यायचा ते विचारलं. म्हणाला, ज्या तोंडाने बोलली त्याच तोंडाने इथे येऊन परत घ्यावा. मिळेल त्या गाडीने ये. वुतला यातलं काही कळू देऊ नकोस.

चप्पल मिळाली नाही. राग धरू नये.
सम्ली

बान नोंगफाय
१९ मार्च

चि. सम्लीस आशीर्वाद.

वुतला कळू देऊ नको म्हणे. अगं शहाणे, मोतीबिंदूच्या डोळ्यांना तुझं पत्र वाचून कोण दाखवतं? त्यानेच वाचलं. त्या ओळीशी क्षणभर थांबला, मग तीही वाचली, आणि हसला. मला हसू आलं नाही. मी लिहिते ते अंदाजाने, ओळी तिरक्या गेल्या तर मान तिरकी कर.

मला येता येत नाही. कंबर धरली आहे, परसापर्यंत जायचं तरी वुत उचलून नेतो. दुपारी डोळा लागला की जिन्याखाली कुणीतरी एकटा उभा असतो, वर येत नाही, जातही नाही. घरातलं लाल ते सगळं मी लपवलं. वुतचा सदरा चुलीत घातला, मिरच्यांवर टोपली पालथी घातली. पोरगा म्हणतो, आजी, बिनमिरचीचं कालवण खाण्यापेक्षा सैन्यातलं बरं. त्याच्या जिभेला हाड नाही, आणि त्या बाबाला कान आहेत.

तू जाऊन त्याचे पाय धर. म्हातारी परगावची आहे, आंधळी आहे, मूर्ख आहे, काय वाटेल ते सांग.
बुनरुआंग

बान नोंगफाय
७ एप्रिल

चि. सम्लीस आशीर्वाद.

चिठ्ठ्यांचा घडा वुतपर्यंत पोचलाच नाही. त्याआधीच त्याने हात वर केला आणि आपणहून जातो म्हणाला. शेजारचा खाम तिथे होता, त्याने येऊन सांगितलं. मागून वुत आला. म्हणाला, आपणहून गेलं की मुदत कमी होते, आणि घड्यातून लाल निघाली असती तर तुझ्या त्या बाबानेच माझं मनगट धरलं, ही बोचणी तुला जन्मभर पुरली असती. मी त्याच्या पाठीत रट्टा घातला. मग मिरच्यांवरची टोपली काढली.

आता नवस फळला म्हणू की उलटला, मला कळत नाही. तरी टोपलीभर अंडी उकडून घेऊन जा. काही मागू नकोस, मागताना आपल्या घराण्याची जीभ घसरते. फक्त वुतचं पूर्ण नाव सांग. पाय ओले राहिले की त्याला ताप भरतो, तेही सांग. आणि म्हणावं, बाबा, हा पळणाऱ्यांतला नाही, हात वर करून आलाय. तुला तुझ्या माणसांनी एकटं टाकलं, तू याला टाकू नकोस.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी केलास तरी चालेल. तेवढा वुतकडे वळव.
बुनरुआंग