फलकावर फक्त निवृत्ती

९ सप्टेंबर, पूजेनंतर
संकल्प. आजपासून या वहीत 'मी' हा शब्द लिहायचा नाही. अहंकार घरात शिरतो तो याच एकाक्षरी दारातून. वीस वर्षं मानसशास्त्र शिकवून जे कळलं नाही ते आज उदबत्ती लावताना कळलं. (वाक्य चांगलं आहे. भाषणात वापरावं.)
'मला' आणि 'माझं' यांना सूट. ती विभक्तीची रूपं आहेत, त्यांचा दोष नाही.
दुसरा संकल्प: चहात साखर नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शिवकांताने विचारलं, साखर का बंद? सांगितलं, इंद्रियनिग्रह. म्हणाली, आवो मग गुळाचा ठिवू का? विचार करून हो म्हटलं. गुळाबद्दल संकल्पात काही नव्हतं. दोन कप.

११ सप्टेंबर
विभागात मीटिंग. तपासणी समिती येणार, म्हणून विद्यापीठाच्या गेटवर आपल्या विभागाच्या यशाचा भला मोठा फ्लेक्स लावायचा, असं विभागप्रमुख मनस्विनी मॅडमनी ठरवलं. (मॅडम वयाने बारा वर्षांनी लहान. त्याचं काही नाही. खरंच काही नाही.) वर 'हार्दिक अभिनंदन', खाली प्रत्येकाचा फोटो, नाव आणि कर्तृत्व.
मॅडमचा पेपर परदेशी जर्नलमध्ये आला. रेणुकादास सरांचं पुस्तक निघालं. भोकरच्या सृष्टीला जेआरएफ शिष्यवृत्ती मिळाली. शेतकऱ्याची पोरगी, आता पीएच.डी. करते.
मॅडमनी विचारलं, शेळगावकर सर, तुमचं काय देऊ? म्हटलं, आमचं काही नको. त्या 'बरं' म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.
इतक्या लवकर 'बरं' म्हणण्याची पद्धत चुकीची आहे.

१२ सप्टेंबर
चाकूरजवळच्या गावाहून आबांचा फोन. फ्लेक्सची बातमी त्यांना सुनेकडून, म्हणजे शिवकांताकडून, कळली होती. म्हणाले, निवरती, तू तिथं नांदेडात काय करून राहिलास त्ये गावात कुनालाच उमगंना बग. समदे म्हन्त्यात ग्यानोबाचं पोरगं येड्याच्या दवाखान्यात हाय. आता बोर्डावर नाव येतंय तर सोयाबीन काढून येतो. एकदा डोळ्यानं बगू दे.
आबांचं नाव ग्यानोबा, आणि त्यांनी पोराचं ठेवलं निवृत्ती. धाकट्याच्या पोटी थोरला आला, म्हणून भजनी मंडळ अजून हसतं. त्या नावाला जागावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.
फोन ठेवल्यावर लख्ख दिसलं. आता प्रश्न स्वतःचा राहिलाच नाही. ही पितृसेवा आहे. फ्लेक्सवर जावं लागणार.

१४ सप्टेंबर, एकादशी
उपवास. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, केळी. हलकं वाटलं.
सृष्टी तिच्या अभ्यासाची प्रश्नावली घेऊन आली. विषय, शिक्षकांची आत्मप्रतिमा. तिच्यासमोरच भरून दिली.
'मी कधीही कोणाचा हेवा केलेला नाही.' होय. 'मला कधीही राग येत नाही.' होय. 'स्तुती ऐकून मला कधीही आनंद झालेला नाही.' होय. (हे 'मी' तिचे, आपले नाहीत.) पेन एकदाही अडखळलं नाही. सृष्टी बघतच राहिली. वीस वर्षांच्या साधनेचं प्रतिबिंब एका कागदावर पडलं की माणूस थक्क होणारच.

१८ सप्टेंबर
मॅडमना सांगितलं, वडिलांच्या इच्छेखातर फोटो द्यावा लागेल. त्या म्हणाल्या, द्या ना सर, पण खाली कर्तृत्व काय लिहू?
विचार करायला वेळ मागितला. यंदाच्या वर्षात नेमकं काय काय झालं ते आठवून पाहिलं. जेवण झालं, पुन्हा आठवून पाहिलं.

१९ सप्टेंबर
सापडलं. 'निरपेक्ष सेवा.' हे कोणाच्या जर्नलमध्ये छापून येत नाही.

२० सप्टेंबर
नावाचा निर्णय. 'डॉ.' नको, 'प्रा.' नको, आडनावही नको. ज्यांच्या नावावरून हे नाव पडलं त्यांनी कुठे पदव्या लावल्या होत्या? फक्त निवृत्ती. बाकीच्यांच्या लांबलचक पदव्यांच्या गर्दीत हे एकटं नाव कसं उठून दिसेल! (उठून दिसणं हा हेतू नाही. परिणाम आहे.)
रेणुकादास सर म्हणाले, अहो शेळगावकर सर, आडनाव तरी राहू द्या. इथे तुम्हाला नावाने ओळखतं कोण? लोकांचा भलताच घोटाळा होईल. त्यांच्या आवाजात मत्सर जाणवला. क्षमा केली.
फोटोसाठी मेहुण्याच्या वास्तुशांतीतला निवडला. खांद्यावर शाल, हातात नारळ, नजर खाली. नजर खाली असलेला तो एकच आहे. फ्लेक्सवाल्याला स्वतःच व्हॉट्सॲप केला आणि बजावलं, नाव फक्त निवृत्ती, एक अक्षरही जास्त नको. त्याने अंगठा पाठवला.

२६ सप्टेंबर
सृष्टीला लातूरच्या परिषदेत पहिलं बक्षीस. पेढे घेऊन आली. मनापासून आशीर्वाद दिला आणि सहज विचारलं, आमच्या प्रश्नावलीचा काही उपयोग झाला का?
ती पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत म्हणाली, सर, तुमची रद्द करावी लागली. ती 'कधीही'वाली वाक्यं खोटं पकडायला घातलेली असतात ना. त्यात सगळीकडे होय आलं तर उत्तरं खरी धरत नाहीत. मग आणखी हळू म्हणाली, सर, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला.
बरोबर आहे, शिकवलंय. पण ती चाचणी सर्वसामान्य माणसाला डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असते. अपवादात्मक माणसाचं काय करायचं हे शास्त्राला अजून सुटलेलं नाही. यावर एक शोधनिबंध लिहावा. उद्या सुरुवात.

३ ऑक्टोबर, घटस्थापना
फ्लेक्स लागला असं कळलं. मुद्दाम बघायला जायचं नाही असं ठरवलं. शिवकांताने कोथिंबीर आणायला सांगितली म्हणून बाहेर पडलो. भाजीबाजार एका दिशेला आणि विद्यापीठाचं गेट दुसऱ्या दिशेला आहे, हे गेटपाशी पोचल्यावर लक्षात आलं.
देखणा झालाय. वर ठळक 'हार्दिक अभिनंदन'. मधोमध शाल-नारळाचा फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'निवृत्ती', त्याखाली 'निरपेक्ष सेवा'. डोळे भरून आले. आबांसाठी.
गेटवरच्या वॉचमनने हात जोडले. म्हणाला, सर, तब्येत तर बरी हाय न्हवं? म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, मग का हो इतक्या लवकर?
काय लवकर ते कळलं नाही. कोथिंबीर राहिली.

४ ऑक्टोबर
सकाळपासून फोन. इतिहास विभाग: पुढचं आयुष्य सुखाचं जावो. परभणीचा जुना विद्यार्थी: सर, तुमच्याशिवाय विभाग ओका वाटेल. मेहुणा: दाजी, पन्नाशी नाही उलटली तर नोकरी सोडली कशी? काही लफडं तर नाही ना?
जेवताना शिवकांताला सांगितलं. ती हातातली भाकरी तशीच धरून हसत सुटली. म्हणाली, आवो, शाल तुमच्या अंगावर, नारळ तुमच्या हातात, खाली लिवलंय निवृत्ती. लोकांनी दुसरं काय समजावं? मलाच वाटलं असतं, पर मी तुमच्या घरातच राहते.
स्पष्ट नोंद: मी निवृत्त झालेलो नाही. ('मी' आला. आणीबाणी आहे.)

५ ऑक्टोबर
रेणुकादास सर केबिनमध्ये आले, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून दोनदा गोल फिरले. म्हणाले, ही आता रिकामी होणार म्हणे? हवा छान येते इथे. हसत होते. सज्जन माणसं अशा वेळी दुःख लपवायला हसतात.
मॅडम दिल्लीला सेमिनारला गेल्या आहेत. त्या असत्या तर एका मिनिटात खुलासा झाला असता. आता आपणच करायचा. आजच.

५ ऑक्टोबर, दुपारी
आज केला नाही. पहिल्या वर्षाची पोरं आली होती. पुढारी हरिओम. त्यांना 'शेळगावकर सर' एवढंच माहीत. सरांना पहिलं नावही असतं हे त्यांच्या गावीही नाही. सगळे पाया पडले. हरिओम म्हणाला, सर, आम्हाला तुमचे तीनच महिने मिळाले हो. दहा तारखेला निरोप समारंभ ठेवलाय, न्हाई म्हणू नका.
एवढ्या कोवळ्या भावना. एकदम खुलासा केला तर मनावर आघात होतो, हे शास्त्र सांगतं. समारंभातच, भाषणाच्या ओघात, हळुवार सांगावं.

७ ऑक्टोबर
भाषणाची तयारी. खुलासा शेवटच्या परिच्छेदात घेतलाय. त्याआधीचे परिच्छेद वाढतायत.

१० ऑक्टोबर
समारंभ. हार, शाल, श्रीफळ. हरिओम बोलायला उभा राहिला: सर कधी कुणावर ओरडले न्हाईत. तासाला कुणाला झोप लागली तर सरांनी उठवलं न्हाई. उलट लई जणांना झोप यायची, तरी सर शिकवायचे थांबले न्हाईत. याला म्हणतात निष्ठा. टाळ्या.
मागे बसलेल्या पोरी डोळे पुसत होत्या. निदान एक तरी.
मग उत्तराचं भाषण. निरपेक्षतेवर बोललो. एकाक्षरी दाराचं वाक्य वापरलं, टाळी पडली, म्हणून पुन्हा वापरलं. खुलाशाचा परिच्छेद समोर होता. पण बोलताना असं जाणवलं की नोकरीतली निवृत्ती आणि मनाची निवृत्ती यांत तसा काय फरक? मनाने तर केव्हाच झालोय. तेव्हा खाली बसलो.
नेमक्या तेवढ्यात दिल्लीहून आलेल्या मॅडम दारात उभ्या. त्यांनी सृष्टीकडे बघितलं, सृष्टीने जमिनीकडे. मॅडम माईकवर आल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, गैरसमज झालाय. निवृत्ती हे सरांचं नाव आहे. सर कुठेही जात नाहीत. अजून दहा-बारा वर्षं इथेच आहेत.
मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, अरेरे.
शाल परत करू लागलो तर हरिओम म्हणाला, ऱ्हाऊ द्या सर, तुमचीच हाय. पुढं कधीतरी लागंलच की.

११ ऑक्टोबर
परवा आबा येणार. त्याआधी फ्लेक्स दुरुस्त व्हायलाच हवा. फ्लेक्सवाल्याला फोन केला: ते निवृत्ती रद्द करा, पूर्ण नाव पाठवतो. तो म्हणाला, हाव सर, पट्टी चिकटवून टाकतो.
पूर्ण नाव लिहायला बसलो. विनम्रतेने नुकसान होतं हा धडा मिळालाच आहे, तर आता सगळंच यावं. प्रा. डॉ. निवृत्ती ग्यानोबा शेळगावकर, एम.ए., एम.फिल., पीएच.डी., माजी समन्वयक, सदस्य अभ्यासमंडळ (निमंत्रित). 'निमंत्रित' ठेवावं की काढावं? जिल्हा भजन स्पर्धेचे परीक्षक, हे मानसशास्त्रात बसेल का? घाईत पाठवायला नको.

१२ ऑक्टोबर, दसरा
सोनं लुटलं. यादी जवळजवळ तयार. फ्लेक्सवाल्याचा निरोप आला: सर काम झालं. काय झालं? यादी तर इथेच आहे.

१३ ऑक्टोबर
आबा सकाळच्या एसटीने आले. धुवट धोतर, नवा फेटा, पिशवीत आपट्याची पानं आणि भुईमुगाच्या शेंगा. चहाही न घेता म्हणाले, आदी बोर्ड.
फ्लेक्ससमोर उभे राहिले. चष्मा पुसला, लावला. बोट हवेत धरून एकेक अक्षर वाचू लागले. आबा चौथी शिकले आहेत, पण सुटं अक्षर चुकत नाहीत.
नि. वृ. त्ती.
पुढे पांढरी पट्टी, तिच्यावर लाल अक्षरं. र. द्द.
'निवृत्ती रद्द.' खाली 'निरपेक्ष सेवा'. वर 'हार्दिक अभिनंदन'.
आबांनी हवेतलं बोट पट्टीवरून पुन्हा एकदा फिरवलं. मग हळूच म्हणाले, तुला रद्द कुनी केलं रं?
सगळं सांगितलं. शाल, नारळ, पहिल्या वर्षाची पोरं, पट्टी. सांगताना लक्षात आलं, की कुठल्याही वाक्यात 'मी' टाळता येत नाहीये. केलं ते सगळं मीच.
आबा हसले नाहीत. म्हणाले, म्या नाव सोपं ठिवलं हुतं बाबा. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, फोटो मातर लई बेस हाय. अन् मग फ्लेक्सची कड चिमटीत धरून बघितली. कापड जाड हाय. तुमचं काम झालं की दे मला. सोयाबीनच्या गंजीवर टाकाया हुईल.

१७ ऑक्टोबर
तपासणी समिती आली. मागच्या गेटने.

१९ ऑक्टोबर
फ्लेक्स उतरवला. आबांनी गुंडाळून काखेत मारला आणि चाकूरची गाडी धरली. सृष्टीने स्टँडवर सोडायला स्कूटी आणली. गाडी सुटताना आबांनी खिडकीतून तिला सांगितलं, पोरी, तुजा बी फोटो हाय याच्यावर. भिजू द्यायचो न्हाई.

२० ऑक्टोबर
ढग आलेत. आबांचा फोन. म्हणाले, निवरती, गंज झाकून राहिलोय. तुजं तोंड वर घिऊ का खाली?
सांगितलं, मला काही फरक पडत नाही.
चहा घेतला. साखरेचा. मग मी परत फोन केला. म्हटलं, आबा, वरच घ्या. छापील बाजू आत आली तर रंग धान्याला लागेल, असं शास्त्र आहे.
आबा म्हणाले, आता झाकलं बाबा, कडंनं दगडं बी ठिवली. खालतीच ऱ्हाऊ दे. सोयाबीन राख.
ठीक आहे. राखतो. निरपेक्ष सेवाच म्हणायची.