राखखोऱ्यातली डावी वाट

मी, लेशेक यान हान्झलिक, वय एकसष्ट, राहणार ग्लिवित्से, बुद्धी शाबूत आणि हात थोडा थरथरता असताना, कोणाच्याही धाकाने वा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. छापलेले आमच्या कायद्याला चालत नाही, असे माझी भाची मिलेना सांगते. ती नोटरीच्या कचेरीत आहे, तेव्हा अक्षराबद्दलची तक्रार तिच्याकडे करावी. डॉक्टरांनी मला वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. घर-दार सोपे आहे. हे मृत्युपत्र खरे तर चौथ्या कलमासाठी लिहिले आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे घर, बाल्कनीतल्या टोमॅटोंसह, मिलेनाला द्यावे.

कलम २. बँकेतली शिल्लकही तिलाच. सर्व संतांच्या दिवशी माझ्या थडग्यावर दोनच दिवे लावावेत. शेजारच्या गेनोव्हेफाबाई नवऱ्याच्या थडग्यावर दिव्यांचे प्रदर्शन मांडतात, तसे नको. बाई साक्षीदार म्हणून हे वाचणार आहेत, याची मला कल्पना आहे.

कलम ३. जुना संगणक, वह्या आणि 'राखखोरे' या खेळाच्या मूळ तबकड्या संग्रहालयाला द्याव्यात. हा खेळ २००२ साली मी आणि यूरेक पिएखाने आणखी चौघांना हाताशी धरून केला. खेळणारा एक हाकलून दिलेला सैनिक होतो आणि एका अफाट खोऱ्यात मनाला येईल तिकडे हिंडतो. डोंगर, नद्या, घरे यूरेकने उभी केली; माणसांच्या तोंडची वाक्ये मी लिहिली. आजच्या खेळांत कुठे जायचे ते बाण दाखवतो. आमच्याकडे वाट विचारावी लागे.

कलम ४. खेळ बाजारात आला आणि हजारो लोक एकाच जागी चुकले. वेशीवरचा म्हातारा सांगतो, "पूल ओलांड, डावी वाट धर, गिरणी लागेल." गिरणी काही लागत नसे. शिव्यांच्या पत्रांचा ढीग पडला. वितरकाने विचारले, चूक कोणाची? मी म्हणालो, यूरेकने गिरणी भलत्या बाजूला बांधली. यूरेक काही बोलला नाही. महिन्याभराने त्याची नोकरी गेली. तेवीस वर्षे मी त्याला फोन केला नाही, आणि चूक त्याचीच, हे मी खरोखर मानत होतो.

या सप्टेंबरात तबकड्या बांधताना मिलेनाने विचारले, "मामा, हा अजून चालतो तरी का?" मलाही कुतूहल वाटले. आम्ही खेळ लावला.

"बाण कुठाय?"

"नाही. लोकांना विचार."

"आणि नकाशा?"

"विकत घ्यावा लागतो. पैसे आहेत का तुझ्याकडे?"

"म्हणजे मी हरवले, आणि गरीब पण!"

मी सवयीने एक कळ दाबायला गेलो. ती कळ फक्त आम्हा करणाऱ्यांना ठाऊक होती. दाबली की हवे तिथे उडत जाता येई. मिलेनाने माझ्या बोटांवर चापट मारली. "चीटिंग नाही. माझ्यासारखं चाल." तेव्हा माझ्या ध्यानात आले की, स्वतःच्या खोऱ्यात मी कधी चाललोच नव्हतो. स्वयंपाक करणारा स्वतः कधी ताटावर बसलाच नसावा, तसे झाले होते.

मग आम्ही रोज दुपारी चाललो. लांडग्यांनी मला अकरा वेळा फाडले. वाऱ्याचा आवाज आजही चांगला आहे, माणसांचे चेहरे मात्र उकडलेल्या बटाट्यासारखे. एक कोळीण पाऊस लागला की जाळे गुंडाळून घरी जाते. हे मी लिहिले नव्हते. यूरेकने आणखी काय काय ठेवले असेल, या उत्सुकतेने मी औषधांच्या वेळाही विसरू लागलो.

पूल आला. मिलेना म्हाताऱ्याच्या सांगण्याप्रमाणे डावीकडे वळली. मी तिला अडवले नाही. वाट रानात शिरली आणि शेवटी एक झोपडी दिसली. ती आमच्या आराखड्यात नव्हती. आत शेकोटीपाशी एक माणूस भांडे ढवळत होता.

"गिरणी शोधतोयस ना?" तो म्हणाला. "सगळे इथंच येतात. सांगणाऱ्याच्या तोंडून चुकून गेलं असेल. माणूस वाईट नाही तो. बस, झुरेकचं आंबट सूप गरम आहे, दोन घोट घे. मग पुलापाशी मागे जा आणि उजवी वाट धर."

आवाज यूरेकचा होता, तरुण यूरेकचा.

खेळाच्या दुरुस्तीची तबकडी तेव्हा एका मासिकासोबत वाटली गेली होती; खेळ लावताना आम्ही तीही चढवली होती. ते यूरेकचे शेवटच्या महिन्याचे काम होते. म्हाताऱ्याला आवाज देणारा नट परत येणार नव्हता, म्हणून वाक्य बदलता येत नव्हते. गिरणी हलवता आली असती. त्याने ती हलवली नाही. हरवलेल्यांसाठी झोपडी बांधली. यूरेकने ज्या नकाशावरून खोरे बांधले, ती माझी चौकटींची वही मी काढली. गिरणी पुलाच्या उजवीकडे होती, माझ्या हाताने काढलेली.

चूक माझी होती. हे मी शुद्धीत लिहीत आहे.

कलम ५. सबब 'राखखोरे'चे निम्मे हक्क यूरेक पिएखाला द्यावेत आणि माझ्या मृत्यूनंतर कलम चार त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

मिलेनाने हे वाचले. "मेल्यावर? फोन बिघडलाय का तुझा?"

पुरवणी. यूरेक काल बिएल्स्कोहून आला, काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन. त्याने सगळे वाचले.

"चालत गेलास?"

"चालत."

"लांडगे?"

"अकरा वेळा."

तो खोकला येईपर्यंत हसला. मी विचारले, तेव्हा तू बोलला का नाहीस?

"बोललो की! तेवीस वर्षं त्या झोपडीत बसून तेच बोलतोय. तूच आला नाहीस, गाढवा."

मला रडू आले, ते लपवले नाही. मग त्याने साक्षीदार व्हायचा हट्ट धरला. मिलेना म्हणाली, ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष धरत नाहीत.

"मग वाटा खोड," यूरेक म्हणाला. "मला त्या चौथ्या कलमाखाली सही करायचीय."

सबब कलम ५ रद्द. सर्व हक्क मिलेनाला, एका अटीवर: खेळ पुन्हा काढला तर बाण घालू नये, म्हाताऱ्याचे वाक्य सुधारू नये आणि झोपडीतली शेकोटी विझवू नये.

ग्लिवित्से, ३० ऑक्टोबर २०२५
सही: लेशेक यान हान्झलिक

साक्षीदार १: गेनोव्हेफा मुशिओल. (कलम २ मान्य नाही. दिवे मी लावीन तेवढे.)

साक्षीदार २: यूरेक पिएखा. (कलम ४ वाचले. उशिरा, पण वाट बरोबर.)