शारदाची गोळी आणि माझा चहा

मंगळवार, सांजच्याला

तीन महिने रक्तवाढीच्या गोळ्या गिळून सुनेचं रक्त साडेसातच, मग गोळ्या देता कशाला, असं आज गारखेड्याच्या डॉक्टरीणबाईला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "गोळी कशासंगं घेते?"

"चहासंगं," शारदा बोलली.

चहा गोळीतलं लोह अंगी लागू देत नाय म्हणं. लोह नसलं तर रक्त पोटातल्या बाळाला हवा पोचवणार कसं? अन तो चहा रोज मीच हातात द्यायचे, कडक करून. घरी येताना रिक्षात शारदा म्हणते, "आत्या, तुमचा चहा लई चांगला असतो." त्यापरीस भांडली असती तर बरं वाटलं असतं.

उद्यापासून गोळी लिंबूपाण्यासंगं, त्यानं लोह अंगी लागतं म्हणं. चहा बंद, माझाबी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. बाळा, तुला आतून आधी कळंल. रक्त चढलं का नाय, त्या दिवशी मला सांगायचं.