तेलाच्या डब्याला आलेला ताप

डिंडोली, सुरत

तीर्थरूप अनुसया मावशीच्या पायांवर भाचा लोटूचा डोकं टेकवून नमस्कार (खरंच टेकवलं, मामी साक्षीला आहे, फक्त तुझे पाय शिंदखेड्याला असल्यामुळे फरशीवर टेकवलं). इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, निंबा मामाची कंबर सोडून. ती दिवसभर कापडाच्या लूमवर उभं राहून दुखते आणि सुट्टीच्या दिवशी पडून राहून दुखते. तुझा गुडघा कसा आहे? ज्या वैद्याने तुला एरंडाचं पान बांधायला सांगितलं, त्याचा स्वतःचा गुडघा कसा आहे, तेही विचार. पत्रात मोठ्या माणसाला तुम्ही म्हणावं असं मामाच्या गायत्रीने बजावलंय, पण तुला तुम्ही म्हटलं की दुसऱ्याच कुणाच्या मावशीला लिहितोय असं वाटतं, म्हणून तूच लिहितो. आणि फोन का केला नाही म्हणशील, तर तू स्पीकर लावतेस आणि अर्धी गल्ली ऐकते.

तू मामाला दोनदा विचारलंस की दोंडाईच्याचे पाहुणे गायत्रीला बघायला कधी आणू. त्याच गोष्टीचं उत्तर द्यायला बसलोय, पण ते उत्तर संगणकातून जातं, तेव्हा दम धर. मुलाचा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला. मोटरसायकलला टेकून उभा आहे, चेहऱ्याने गरीब वाटतो. मोटरसायकल त्याची नसावी असं माझं मत, कारण स्वतःच्या गाडीला माणूस इतका जपून टेकत नाही. ते असो. मामा तुला फोनवर आण म्हणाला, हे खरं. पण घरात गायत्री त्याला म्हणाली होती की मला एक संधी द्या. ती साड्यांच्या काठापदराची नक्षी काढते हे तुला माहीत आहेच. आतापर्यंत एका ऑफिसात दुसऱ्यांच्या नक्षीची नक्कल करत होती. आता मार्केटमधल्या एका शेठने सांगितलंय की साडी विणायच्या आधीच ती नेसलेली, चालणारी, वाऱ्यावर पदर उडणारी अशी संगणकात फिल्म करून दाखव. जमलं तर सगळ्या लग्नसराईचं काम तुझं, घरी बसून कर. रविवारी दाखवायची होती. मामा म्हणाला, शेठने काम दिलं तर पोरगी इथेच राहील आणि तिचं काम करील, नाही दिलं तर पाहुणे येतील. हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता, कारण तिच्याकडे बघून बोलायची त्याची छाती नव्हती.

आता अशी फिल्म साध्या संगणकाचं काम नाही. एकेक चित्र त्याला आत मनाशी रंगवावं लागतं, आणि अशी चित्रं ढिगाने. गायत्रीचा जुना लॅपटॉप पदराचं एक टोक उडवेपर्यंत गुडघे टेकायचा. मोठा पाहिजे, ताकदीचा पाहिजे, आणि तो मी जोडून देतो म्हणालो. मी कोण जोडणारा, असं तू विचारशील (मामीने विचारलंच). तर मावशी, तुझा भाचा फिरस्ता आहे पण रिकामा फिरलेला नाही. चलथाणच्या साखर कारखान्यात होतो तेव्हा वाफ कुठून कुठे जाते ते बघितलं (आणि मळीचा वास, जो माझ्या एका शर्टाला अजून आहे, त्या शर्टाची गोष्ट वेगळीच आहे, पुढे कधीतरी). पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये ओलं कापड गरम हवेने कसं वाळवतात ते बघितलं. इच्छापोरला ठेकेदाराकडे असताना काहीच बघितलं नाही, तिथे सकाळपासून गेटवरच उभं करायचे. आणि शेवटी संगणक दुरुस्तीच्या दुकानात पावसाळाभर होतो, धूळ फुंकायच्या कामावर. धूळ फुंकताना माणसाला आत सगळं दिसतं.

अडचण जागेची निघाली. दुकानातली पेटी, जिला ते लोक कॅबिनेट म्हणतात, ती आमच्या खोलीत आणली तर मामाला झोपायला चिंधाभाऊंकडे जावं लागलं असतं (चिंधाभाऊ म्हणजे भिंतीपलीकडचे, पारोळ्याचे, घोरतात). सुभद्रा मामीने सगळी खोली नजरेने मोजली आणि निकाल दिला की ओट्याशेजारी तेलाचा पंधरा किलोचा डबा ठेवते तेवढी जागा मी देईन, तेल बरणीत काढीन, तुमचं मशीन त्या डब्याएवढं आणा. आता डब्याएवढंच आणायचं तर डबाच का नको, असं माझ्या डोक्यात आलं. मावशी, हसू नकोस. मी टेप लावून बघितला, लहान जातीचा बोर्ड त्या डब्यात आडवा बसतो आणि वर इतकी जागा उरते की चित्रं रंगवणारं आखूड कार्डसुद्धा उभं राहतं. भाग गायत्रीने तिच्या साठवणीतून आणले, डबा मामीचा, अक्कल माझी.

डबा सोड्याने धुतला, राखेने घासला, उन्हात ठेवला, तरी शेंगदाण्याचा वास गेला नाही. पुढे तो तापला की आसपासच्या लोकांना भूक लागायची. बोर्ड पत्र्याला टेकला तर जळतो, म्हणून खाली पितळेचे पाय लावले. विचार करणारी चकती असते, प्रोसेसर, तिच्या डोक्यावर पानाला लावतो त्या चुन्यासारखं मलम लावून वर तांब्याच्या पात्यांचं ओझं बसवलं, म्हणजे तिचा ताप पात्यांत चढतो आणि पंखा तो उडवून लावतो. हवेसाठी भोकं पाडायची तर मी खिळा घेऊन सुरू होणार, तेवढ्यात गायत्रीने हात धरला आणि डब्याच्या चारही अंगांना खडूने कोयरी काढून दिली. म्हणून आमच्या संगणकाला जगात कुठेच नसेल अशी कोयरीची जाळी आहे. वरचा पंखा पहिल्यांदा मी उलटा बसवला. तो गरम हवा बाहेर फेकायच्या ऐवजी मामीची फोडणी आत ओढायला लागला, आणि चारही कोयऱ्यांतून मोहरी-हिंगाचा धूर निघाला. मामी म्हणाली, याच्यात भजी तळताहेत का. पंखा सुलटा केला आणि चालू केलं, तर मावशी, तो डबा असा हळूच गुणगुणायला लागला की मामाने कमरेवरचा हात काढला आणि पहिल्यांदा वाकून बघितलं.

आता खरी गंमत ऐक. गायत्रीने गुरुवारी फिल्म रंगवायला लावली आणि ऑफिसला गेली. मी राखणीला. सकाळी झकास चालू होता. मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो (जरा म्हणजे तिथे एकाची रिक्षा बंद पडली होती, तिला धक्का दिला, मग धक्का देणाऱ्या दुसऱ्याशी ओळख निघाली, तो निघाला नंदुरबारचा, मग चहा) आणि बघतो तो डबा बंद. हात लावला तर तवा. अशी मशीनं फार तापली की जळण्याआधी आपणच डोळे मिटतात, तेवढं त्यांना शहाणपण असतं. परत चालू केला, समोर बसलो, काही झालं नाही. संध्याकाळी गायत्री आली, तिच्यासमोरही गुणी पोरासारखा चालला. शुक्रवारी पुन्हा तेच. मी घरात असलो की ठीक, बाहेर पडलो की डोळे मिटले. मामा म्हणाला, दुपारच्या उन्हाने होत असेल, आणि माठाला गुंडाळतो तसं ओलं गोणपाट घेऊन आला. गायत्रीने त्याला दारातच अडवला. मी मलम काढून पुन्हा लावलं. चिंधाभाऊंनी त्यांचा टेबल फॅन दिला. स्क्रीनवर तापाचा आकडा दिसतो, तो मामीला वाचून दाखवायचो, कारण ती विचारायचीच. नव्वदच्या वर गेला होता म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, माणूस वाचला नसता. एकदा तर डब्यावर हात ठेवून म्हणाली, "डबा तपना रे लोटू, भाकर टाकू का?" पण मावशी, हसताना तिची नजर माझ्यावर नव्हती, आणि ते मला तेव्हा समजायला पाहिजे होतं.

शनिवार उजाडला तेव्हा अर्ध्याहून जास्त फिल्म बाकी होती. गायत्रीने ऑफिसला जाताना तुझ्याकडून आलेला त्या मुलाचा फोटो सरळ करून फळीवर ठेवला, एवढंच. मी म्हटलं पलसाण्याला ओळखीचा आहे, त्याच्याकडून जोरदार पंखा आणतो, आणि निघालो. पण माझं तुला माहीत आहे. बसच्या स्टॉपवर पोचायच्या आधी लोचोची गाडी लागली. लोचो म्हणजे खमण करताना बिघडलं आणि मग आवडलं असा इथला एक पदार्थ आहे, वर तेल आणि शेव, तू आलीस की खाऊ घालतो. खाल्ला, खिशात हात घातला, पाकीट घरी. गाडीवाल्याकडे मोबाइल ठेवून परत आलो.

दार लोटलं तर मामी जमिनीवर बसलेली, तोंडात टाचण्या, आणि समोर आपला डबा मरून रंगाच्या मखमलीच्या झग्यात. गळ्यापर्यंत. वर जरीची गोटापट्टी, खाली सोनेरी लेस, पुढे कोयरीचा पॅच, नवरदेव परण्याला वाजतगाजत निघाल्यासारखा. आतून पंखा जीव तोडून घुरघुरत होता आणि एका कोयरीतूनही श्वास घेता येत नव्हता. तुला माहीत आहे, आपल्या लोकांच्या घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, आणि सुरतेत तर चिंध्यासुद्धा जरीच्या निघतात, तर हा एकटाच कसा उघडा राहील. मी गेलो की ती माप घ्यायची, अंगावर चढवून टाचायची, माझी चाहूल लागली की घडी करून गादीखाली.

मला बघून ती टाचण्यांतूनच बोलली. म्हणाली, "उद्या शेठ मशीन बघाले उना, आनि घरम्हा तेलना डबा दिसना, तर मन्ही पोरनी इज्जत काय ऱ्हाई?" शेठ घरी येणारच नव्हता, गायत्री मार्केटमध्ये जाणार होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांत जास्त कुरकुर तिने केली होती, मावशी, जागेवरून, वासावरून, लाइटबिलावरून. आणि लेकीच्या मशीनला तीन दिवस गुपचूप मखमल शिवत होती. मी तापाचं कारण सांगितलं तेव्हा तिने एका झटक्यात तो झगा उतरवला आणि पदराने डब्याला वारा घालायला बसली.

मग जी जत्रा झाली ती तू बघायला हवी होतीस. गायत्री अर्धी रजा टाकून आली, मामाने पाळी बदलून घेतली. मामीने चूल बंद ठेवली, फोडणी नाही, शेगडी नाही, सगळ्यांना लोचो (तेव्हाच माझा मोबाइल सुटला). चिंधाभाऊंचा फॅन एका बाजूला, मामा पुठ्ठा घेऊन दुसऱ्या बाजूला, आणि मामी मिनिटामिनिटाला ताप विचारतेय. आकडा साठच्या घरात उतरला तसा मामा पुठ्ठा हलवता हलवता भजन म्हणायला लागला. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी शेवटचं चित्र रंगून झालं. स्क्रीनवर एक बाई चालत आली, वळली, आणि तिचा पदर वाऱ्याने उडाला. काठावर कोयऱ्या होत्या. मामीने स्क्रीनला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, बाईचं तोंड जरा वाळकं आहे, पण साडी झकास. मग मशीन बंद करून तिने डब्याला मखमलीचा झगा पुन्हा चढवला आणि गायत्रीने हसत त्याचा फोटो काढला.

रविवारी मीही गेलो गायत्रीबरोबर. शेठने तिच्या फोनवर फिल्म बघितली, पुन्हा बघितली, आणि कापडाच्या माणसाची सवय, पदराचा पोत बघायला दोन बोटांनी काच चिमटीत धरायला गेला. त्याने चित्र सरकलं आणि पुढचा फोटो आला, मखमलीच्या झग्यातला डबा. आ शुं छे, म्हणजे हे काय, म्हणाला. गायत्रीने खरं ते सांगितलं. शेठने तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, म्हणाला, "तेलना डब्बा मां?" आणि असा हसला की शेजारच्या गाळ्यातली माणसं बघायला आली. सगळ्यांना फोटो दाखवला, मग फिल्म दाखवली, आणि त्यांच्यासमोरच लग्नसराईचं काम गायत्रीला दिलं. बाहेर आल्यावर ती पहिल्यांदा रडली आणि मग मला जिलेबी घेऊन दिली. मामीने आता जाळीच्या कापडाचं कव्हर शिवलंय, ते फक्त मशीन बंद असताना घालायचं असं ठरलंय. मखमलीचं तिने सोडलं नाही, सध्या ते मिक्सरला ढगळ होतं.

तर पाहुण्यांचं आता काय करायचं, ते मामाच तुला फोन करून कळवेल. गुडघ्याला जप, सगळ्या लहानमोठ्यांना माझी आठवण दे.

तुझा भाचा,
लोटू

ता.क. मामा फोन करणार नाही. रोज फोन हातात घेतो, तुझं नाव काढतो, आणि चिंधाभाऊंना फोन करतो, जे भिंतीपलीकडे आहेत. मोठ्या बहिणीला आण म्हटलं, आता आणू नको कसं म्हणायचं, म्हणून त्याची झोप गेली आहे. तेव्हा मावशी, हे पत्र खरं यासाठी की तूच त्याला फोन कर आणि रागव. म्हण की निंबा, पोरगी एवढं चांगलं काम करतेय आणि तुला तिला उजवायची घाई कसली, मी दोंडाईच्याला थांबा म्हणून सांगून टाकलं. म्हणजे तुझा मान राहतो, त्याचा शब्द मोडत नाही, आणि गायत्रीला तिचं काम करता येतं. मुलगा वाईट नाही, त्याला दुसरीकडे चांगलं स्थळ मिळेल.

ता.क. रविवारी रागव, त्याला सुट्टी असते. तो आधी तुझ्याशी थोडा वाद घालील, ते खोटं असेल, मनावर घेऊ नको, तू वाढव. शेवटी बरं अक्का, तू म्हणशील तसं, असं म्हणाला की फोन ठेव.

ता.क. वरचे दोन्ही ता.क. मामाने शेजारी बसून सांगितले, मी फक्त लिहिले. यात त्याचं नाव कुठे येता कामा नये अशी त्याची सक्त ताकीद आहे, म्हणून मी ते घातलेलं नाही.