हेडफोन, पु.च्या नाकावर टिच्चून

६ जुलै, रविवार
मंडळाची मीटिंग. अकरा वर्षं गणपतीत कीबोर्ड मी वाजवला, साऊंडचा मिक्सर मी सांभाळला. आज पुरुषोत्तम सेक्रेटरी चाळीस माणसांसमोर म्हणे, "विलासभाऊ, मागच्या वर्षी लोकं कानात बोटं घालून उठले. तुमचे कान मिलमध्येच राहून गेले. यंदा आराम करा." सगळे खी खी हसले.
घरी ताट तसंच सारलं.
आजपासून त्याले नुसतं पु. लिहीन. पूर्ण नाव लिहायची लायकी नाही त्याची. जिंदगीभर एसीत बसून फाइली सरकवल्या, अन मले कान शिकवते!

८ जुलै
स्थापनेच्या दिवशी लावायले मंडळाले नवं स्वागतगीत पाहिजे. ज्याले करायचं त्यानं रेकॉर्ड करून आणावं, १७ ऑगस्टच्या मीटिंगमध्ये सगळे मिळून ऐकणार. पु. स्वतः करून राहिला.
मीही करीन. असं करीन का त्याचे दात त्याच्याच घशात जातील. चाळीस माणसांसमोर बोलला ना, चाळीस माणसांसमोरच माफी मागून घेईन. त्याच्याशिवाय चैन नाही.
अडचण एकच. पु. आमच्याच ब्लॉकमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर राहते. स्पीकरवर वाजवलं तं चाल त्याले फुकटात. हेडफोन घ्यावाच लागते. मोबाइलचा नाही, स्टुडिओवाला.

११ जुलै
स्टील प्लांटच्या मिलमधली सकाळची ए शिफ्ट करून तसाच भिलाईहून दुर्गले. पद्मनाभपुरकडचं म्युझिकचं दुकान. दुकानवाला म्हणे, "अंकल, बजाने के लिए बंद वाला लो, आवाज़ बाहर नहीं जाएगी. मिक्सिंग के लिए खुला वाला बढ़िया, पर वो लीक करता है." म्हणजे दोन घ्या! वा रे वा.
बंदवाला घेतला. कानावर गच्च बसते, मिलमधल्या इअरमफसारखा. सवय आहेच. कीबोर्डचं भोक मोठं, लॅपटॉपचं बारीक, त्यासाठी पिनचा जोड मागून घेतला.

१४ जुलै
वाजवायले एक नंबर. डावा हात किती वर्षांनी इतका साफ ऐकला. अंतऱ्यात बासरीचा सूर टाकला, वर झांज, मग देवळाची घंटी.
जिन्यात पु. भेटला. "काय विलासभाऊ, आराम सुरू?" मी हसलो. हस बेट्या, हसून घे.

२० जुलै
मिक्स पूर्ण. खुर्सीपारले हिरालालकडे गेलो, तो पंडालले साऊंडचे डब्बे भाड्यानं देते. त्याच्या मोठ्या डब्ब्यांवर लावलं. अर्धंही नाही झालं तं त्यानं बंद केलं. "भइया, कान म सूजी गड़त हे." म्हणे झांज अन घंटी कानात सुईसारखी घुसते.
मले तं बरोबर वाटत होतं. म्हणजे हेडफोनच भंगार! त्याच्यात झांज दबून येते, म्हणून मी वाढवत गेलो. दुकानवाल्याले सोडत नाही.

२३ जुलै
भांडून बदलून आणला. आता उघडावाला. हलका, कानाले घाम नाही. पण आवाज बाहेर जाते. संध्या स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ती घंटी काढा ना, दात आंबून राहिले माझे." म्हटलं, तुले काय समजते मिक्सिंग.
खिडक्या लावल्या. वर पु.ले ऐकू जाऊ नये म्हणून पंखा पाचवर.

२७ जुलै
परत हिरालाल. परत सुई. या वेळी तो हसलाही नाही.
तीन आठवडे राहिले. पु.च्या घरून हार्मोनियम ऐकू येते. मुद्दाम खिडकी उघडी ठेवते तो, मले जाळायले.

२९ जुलै
दुकानात तीन वेगवेगळे हेडफोन लावले, एकामागं एक, एकच गाणं. तिन्हीत झांज दबलेली. मी चिडलो, "सब में झाँझ मरी हुई है, क्या माल रखते हो!" त्यानं स्वतः लावून पाहिलं. मग दोन गिऱ्हाइकांना दिलं. सगळ्याईले झांज चांगली ऐकू आली. मग मले हळूच म्हणे, "अंकल, प्लांट में हो क्या?"
उघडावाला देऊन परत बंदवाला घेतला. चूपचाप. पिशवीत टाकून आणला.
संध्यानं विचारलं काय झालं. म्हटलं दुकानवाला चोर आहे. ती म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं." भल्ला राग आला. जेवलो नाही.

५ ऑगस्ट
प्लांटचं सालाना मेडिकल. कानाची तपासणी.
काचेच्या केबिनमध्ये बसवतात. कानात पीं वाजली का बटन दाबायचं. आमच्या मिलमध्ये सगळ्याईले ठाऊक आहे, बाहेर मशीनवर बसलेल्या माणसाचा खांदा पाहायचा. त्यानं पीं सोडली का खांदा हालते, तेव्हा दाबायचं. मी नवा होतो तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिकवलं, मी पुढं किती जणांना शिकवलं. फेल झाला तो मिलमधून निघून स्टोअरमध्ये बसते, अन मग बहिऱ्या हेच त्याचं नाव. म्हणून दरवर्षी सगळे पास. मीही पास. मीच मले पास करून राहिलो इतकी वर्षं.
आज डोळे मिटून बसलो. दुकानवाल्याचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.
सुरुवातीले वाजल्या, जाड आवाजाच्या. मग बराच वेळ काहीच नाही. वाटलं मशीन बंद पडली. डोळे उघडले तं त्याचा खांदा हालून राहिला होता.

६ ऑगस्ट
कागद मिळाला. दोन्ही कानांची रेघ सरळ येते अन झांज-घंटीसारख्या बारीक आवाजाच्या जागी खड्ड्यात पडते. डॉक्टर म्हणे परत या, मोठी तपासणी करू, मग मिलचं ठरवू.
म्हणजे पु. खरं बोलला.
खरं बोलला म्हणून माफ करू का? खरंच बोलायचं होतं तं जिन्यात बोलायचं, एकट्याले. इतकी वर्षं वर-खाली राहतो आपण. चाळीस माणसांसमोर कावून? वाटलं होतं राग उतरन. दुप्पट झाला.
संध्याले कागद दाखवला. तिनं वाचला, गॅस बंद केला, खाली बसली. मग म्हणे, "मले वाटे तुम्ही माझ्यावर मुद्दाम ओरडता."

१० ऑगस्ट, रविवार
गाणं सोडणार नाही. संध्याले म्हटलं, तू बस. हेडफोन तिच्या कानावर, माझा हात नॉबवर. टोचलं का हात वर करायचा, बस. अंबाड्यामुळे पट्टी बसेना, केस मोकळे सोडले तेव्हा बसली.
तिनं दहा वेळा हात वर केला. झांज कमी, आणखी कमी. घंटी आणखी कमी. शेवटी म्हणे, "आता गोड लागते."
मग मी लावून ऐकलं. त्या गाण्यात झांज नाहीच. घंटी पण नाही. ती म्हणे आहे, चांगली आहे. विश्वास ठेवला.
बंदवालाच ठेवायचा, हेही तिनंच सांगितलं. त्याच्यात तिले पंखा ऐकू येत नाही.

१३ ऑगस्ट
हिरालालनं पूर्ण ऐकलं. दोन वेळा. "अब बने लागत हे, भइया." म्हणजे जमलं. मले न सांगता बाजूच्या चहावाल्यालेही बोलावलं.
आता ये म्हणावं पु.ले. रोज शिफ्टमध्ये त्याचं तोंड डोळ्यासमोर आणतो. माफी मागतानाचं.

१७ ऑगस्ट, रविवार
पहिले पु.चं गाणं लावलं. पाणचट. आपलं मत.
मग माझं. संपल्यावर जोरात टाळ्या. शेवटच्या ओळीतल्या आज्या पण वाजवून राहिल्या होत्या.
पु. उठला. हात जोडले. "विलासभाऊ, मी चुकलो. तुमच्या कानाले नाव ठेवलं, सगळ्यांसमोर माफी मागतो. असे कान भिलाईत कोणाचे नाहीत."
बरोबर तेच. जे पाहिजे होतं तेच, चाळीस माणसांसमोर. दीड महिना याच्यासाठी धुमसलो. अन मले गार काही वाटलं नाही. संध्या बायांच्या ओळीतून माझ्याकडे पाहून राहिली होती.
मग पु. म्हणे, "यंदा दहाही दिवस मिक्सरवर विलासभाऊच बसतील. बसता ना, भाऊ?"
मनापासून बोलला का त्याले काही कळलं होतं अन चामडी सोलून राहिला होता, त्याच्या तोंडावरून समजलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हो म्हटलं.

१८ ऑगस्ट
आत्ता चहा देताना संध्या बोलली. "गाणं दोघांनी केलं, ते ठीक. पण भरल्या पंडालात लेकरं बसतील, म्हाताऱ्या बसतील. त्यांच्या कानात परत सुया टोचणार का? पुरुषोत्तमभाऊंना सांगून टाका."
त्याले सांगू? काल त्यानं मान खाली घातली, आज मी घालू? मेलो तरी नाही. असंच म्हटलं तिले.
"तुमचा बदला झाला ना? का अजून बाकी आहे?"
काय सांगू. बाकी आहे असंच वाटते. कोणाचा, ते आता मलेच...
कपाटातून मेडिकलचा कागद काढला तिनं. चप्पल घातली. दारात उभी आहे. म्हणे, तुम्ही वर जाता का मी जाऊ? मी लिहून राहिलो म्हणून थांबली आहे.